काचेवरच्या सात मोटारी

आमच्या घरात सात मोटारी होत्या आणि वडील शाळेत सायकलवर जायचे. पुढे कॉलेजात मी हे वाक्य मुद्दाम असंच सांगायचे, मैत्रिणी हसायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या मोटारी तळहातावर मावायच्या. साच्यात धातू ओतून केलेल्या, खऱ्या मोटारीच्या त्रेचाळीसाव्या हिश्शाच्या. त्या काळच्या नांदेडात दुसऱ्या कुणाकडे अशा असतील असं मला वाटत नाही. सातही जुन्या इटालियन शर्यतीच्या गाड्या, आणि त्यातही भलत्या लांब शर्यतींच्या. कुणी बारा तास पळालेली, कुणी पुरते चोवीस तास, कुणी हजार मैल गावागावांतून. सातही लाल. आई म्हणायची, "एकाच रंगाची सात लुगडी कुणी घेतं का?" मग मी तिला समजवायला बसायचे. हिचं नाक बघ, बसकं आहे. हिच्या दिव्यांवर काच आहे. हिला फक्त चालवणाऱ्याच्या डोक्यामागं उंचवटा आहे, दुसऱ्या बाजूला नाही, कारण शेजारी कुणी बसायचंच नाही. आई पोळी लाटता लाटता "हं" म्हणायची आणि शेवटी विचारायची, "पण आहेत ना सगळ्या लालच?"

या मोटारी आमच्याकडे आल्या त्या ब्रुनोसाहेबांमुळे. गावाबाहेरच्या सूतगिरणीत इटलीची यंत्रं आली, ती बसवायला हा माणूस आला आणि गिरणीच्या विश्रामगृहाला अजून छप्परही नव्हतं म्हणून काही महिने आमच्या माडीवर भाड्यानं राहिला. तो अर्ध्या चड्डीवर गच्चीत येऊन बसला की समोरच्या बायका दारं लावून घ्यायच्या आणि फटीतून बघायच्या. तिखट त्याला सोसायचं नाही. एकदा आईनं वाळत घातलेल्या गव्हाच्या शेवया त्याच्या नजरेला पडल्या आणि गडी हरखूनच गेला. आईनं दूध-गूळ घालून वाटीभर दिल्या, तर त्या त्यानं नम्रपणे बाजूला सारल्या, कोरड्या शेवया मागून घेतल्या, मिठाच्या पाण्यात उकडल्या, वर टमाट्याचा रस्सा ओतला आणि डोळे मिटून खाल्ल्या. "शेवयांची आमटी केली मेल्यानं," हे आई पुढं कित्येक वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगत राहिली. त्याच्या टेबलावर एक लाल मोटार असायची. मी रोज जाऊन तिच्यासमोर उभी राहायचे. त्यानं ती लगेच हातात दिली नाही. आधी धरायची कशी ते शिकवलं, दोन्ही कुशींना अंगठा आणि बोट, चाकांना स्पर्श नाही. मग त्याच्या मोडक्या इंग्रजीतून आणि वडिलांच्या मराठीतून मला शर्यती कळल्या. चोवीस तासांच्या शर्यतीत म्हणे मोटारी रस्त्याच्या एका कडेला तिरप्या लावून ठेवायचे, चालवणारे समोरच्या कडेला उभे, आणि निशाण पडलं की धावत येऊन उडी मारून बसायचे. एका मोटारीला माणसं दोन. एकानं चालवायची तेव्हा दुसऱ्यानं झोपायचं, हाही शर्यतीचाच भाग. झोपणं हेसुद्धा कुठं कामात धरतात, याचं मला फार नवल वाटलं होतं.

जाताना तो ती मोटार मला देऊन गेला आणि मग वर्षाकाठी एक पार्सल यायला लागलं. पोस्टात ते फोडून बघितलेलं असायचं, पुन्हा लाख लावून बंद केलेलं. मी त्या मोटारींशी कधी खेळले नाही. वडिलांच्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसायच्या आणि काचेच्या कपाटात तिरप्या रांगेत लावून ठेवायच्या, बस्स. महालक्ष्म्यांच्या सणाला मात्र आईपुढं माझं काही चालायचं नाही. घरातलं जे जे नवलाचं ते ते महालक्ष्म्यांसमोर मांडायचंच. तेव्हा सोळा भाज्या, आंबील आणि पुरणाच्या ताटांच्या पुढं माझ्या मोटारी रांगेत उभ्या, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्या, "पोरीला मोटारींचं काय वेड लावलंय हो मास्तरांनी?" वडील म्हणायचे, "वेड लागत नाही वहिनी, असतं." आता मी पन्नाशीला आले, गुडघे बोलायला लागले, पण त्या मोटारी पुसताना हात अजून तसेच हलके पडतात.

भूकंप झाला त्या पहाटे नांदेडला आमचे पलंग हलले, फळीवरचे डबे वाजले आणि थांबलं. सकाळी रेडिओनं सांगितलं तेव्हा वडील दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते उठले. आत्याचं गाव औशाच्या पुढं, निलंग्याच्या अलीकडं. ते मिळेल त्या एस.टी.नं गेले आणि बऱ्याच दिवसांनी परत आले ते आत्याच्या मुलीला, ज्योतीला घेऊन. आत्या गेली होती, ज्योतीचा धाकटा भाऊ गेला होता. माळवदाचं घर, दगडमातीच्या जाड भिंती, वर हातभर मातीचं छत, सगळं आत बसलं. ज्योतीला दुपारी काढलं. आत्याचे यजमान, ज्यांना वडील दाजी म्हणायचे म्हणून आम्हीही दाजीच म्हणायचो, गणपती बुडवायला गेलेल्या मिरवणुकीबरोबर होते म्हणून वाचले. ते तिथंच पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि ज्योती आमच्याकडं आली. ती माझ्याच वयाची, माझ्यासारखीच दहावीतली. तिच्या केसांतून माती निघायला आईला तीन न्हाणी लागली.

आमच्याकडं मयत झालं की भेटीला आलेली बाई दारातच गळ्यात पडते आणि मोठ्यानं रडते. रडणाऱ्याला रडू द्यायची ती रीत आहे, तिच्यामागं शहाणपणही आहे. पण महिनाभर येईल ती बाई ज्योतीच्या गळ्यात पडायची, आणि ज्योती त्या मिठीत ताठ उभी राहायची, डोळे भिंतीवर. बायका जाताना आईला हळूच म्हणायच्या, "पोरगी रडली नाही हो, चांगलं नाही ते." ती जेवायची, येसराची आमटी दोनदा घ्यायची, शाळेत जायची, गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवायची. फक्त झोपायची नाही. छताखाली तर नाहीच, अंगणात बाज टाकली तरी नाही. मला तिचा राग यायचा आणि आपल्याला राग येतो याची लाज वाटायची. दोन्ही एकाच वेळी होत असे.

मोटारींचं तिनंच शोधून काढलं. त्या दिवसांत लहान लहान धक्के येतच होते. एके दिवशी मी मोटारी पुसायला काढल्या होत्या आणि खिडकीच्या फुटक्या तावदानाची काच जमिनीवर ठेवून तिच्यावर त्या लावल्या होत्या. ज्योती समोर बसली होती. एकाएकी बसक्या नाकाची मोटार आपणहून बोटभर पुढं सरकली आणि थांबली. कुणाला काही जाणवलंसुद्धा नव्हतं. तासाभरानं रेडिओवर आलं की धक्का होता. ज्योती मला म्हणाली, "वर्षे, ही गाडी सांगती." तिच्या आवाजात मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी ऐकलं. त्या मोटारींची चाकं खरोखरच तशी होती, फुंकरीनं फिरणारी. तेव्हापासून काच कायमची जमिनीवर आली आणि सातही मोटारी तिच्यावर. पण मोटारीकडं बघत बसलं तर झोपायचं कधी? मग मीच तिला चोवीस तासांच्या शर्यतीचं सांगितलं. एकीनं बघायचं, एकीनं झोपायचं, मग पाळी बदलायची. ती म्हणाली, "तू डोळा लावणार न्हाईस ना?" मी नाही म्हटलं. त्या दिवशी ती माझ्या पाळीत मेल्यासारखी झोपली. माझा जपून ठेवलेला संग्रह भूकंपाची घंटा झाला होता आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, हे मला आजही बरं वाटतं.

दहावी झाली. तेव्हा सगळ्या मराठवाड्याच्या तोंडी एकच नाव होतं, लातूर. देगलूरपासून परभणीपर्यंत ज्याला त्याला पोरगं लातूरला घालायचं होतं. एखाद्या मास्तरांच्या क्लासात नंबर लागला तर पेढे वाटायचे. आम्हा दोघींचे नंबर लागले. खोल्या मात्र मिळेनात, कारण भूकंपानंतर सगळ्या आईबापांना पत्र्याच्याच खोल्या हव्या होत्या आणि त्या केव्हाच भरल्या होत्या. उन्हात भाजून निघाली पोरं तरी चालेल, डोक्यावर स्लॅब नको. आम्हाला मिळाली ती घरमालकीण कमलाकाकूंच्या वरच्या चार खोल्यांतली एक, स्लॅबची. ज्योतीनं खोलीचं छत बघितलं आणि एवढंच म्हणाली, "मोटारी आनायच्या." तेव्हा स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात कापूस भरून माझ्या सात मोटारी नांदेड-लातूर एस.टी.त माझ्या मांडीवर बसून गेल्या, आणि काच जुन्या धोतरात गुंडाळून ज्योतीच्या मांडीवर. अहमदपूरला कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय पोरी, धपाटे?" मी हो म्हटलं. धपाटे दुसऱ्या पिशवीत होते.

ज्योतीला लातूरला टिकायलाच हवं होतं, आणि त्याला एक कारण होतं. घरात आई किंवा बाप गेला तर मुलीचं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर पुढं तीन वर्षं थांबायचं, असं आमच्याकडं मानतात. दाजींचे भाऊबंद त्यांच्यामागं लागले होते. निलंग्याचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा खतांच्या दुकानात, वय ज्योतीच्या दीडपट. दाजींनी वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं, लातुरात नीट राहिली, शिकली तर शिकू दे, पण तिथं जमलं नाही तर मी तिला घेऊन जाणार आणि वर्षश्राद्धाच्या आधी उरकणार. म्हणजे गणपतीपर्यंत काही बोभाटा न होता गेलं की ज्योती सुटली. हे तिलाही माहीत होतं, मलाही. आम्ही पहाटे क्लासला जायचो, दीडशे पोरं एका गोदामात फळीवर बसून भौतिकशास्त्र लिहून घ्यायची, परत येऊन काकूंचा सुशीला, म्हणजे भिजवून परतलेले चुरमुरे, खायचो आणि मग पाळ्या, उन्हं उतरली की पुन्हा क्लास, आणि रात्री पुन्हा पाळ्या. क्लासात मी पेंगायचे. ज्योती पेंगत नव्हती. चाचणीत ती पहिल्या दहांत होती.

श्रावण सरत आला असताना शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बोअरची गाडी येऊन उभी राहिली. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येकाला आपलं पाणी हवं होतं. दुपारची वेळ होती. मी आडवी झाले होते, ज्योतीची पाळी होती. गाडीवाल्यांनी आधी नुसतं इंजिन चालू ठेवलं होतं, त्या आवाजाची आम्हाला सवय झाली होती, आणि मग काही न सांगता त्यांनी छिन्नी खाली सोडली. काचेवरच्या सातही मोटारी एकदम चालायला लागल्या. दोन कडेवरून खाली पडल्या. ज्योती उठली आणि तिनं अशी आरोळी ठोकली की मी दारापर्यंत पोचेपर्यंत चारही खोल्यांतल्या पोरी जिन्यात होत्या. "पळा, भाईर पळा" एवढंच ती ओरडत होती आणि प्रत्येकीला ढकलत होती. स्वतः शेवटी उतरली. बिलोलीची एक मुलगी जिन्यात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. खाली काकूंच्या म्हाताऱ्या सासूबाईंना घेरी आली. सगळी गल्ली रस्त्यावर, आणि भिंतीपलीकडं बोअरवाला छिन्नी थांबवून बघतोय की या पोरींना झालं काय.

कमलाकाकू वाईट नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्हीकडं निरोप धाडले. वडील नांदेडहून आले, दाजी शेडमधून आले, आणि आमच्याच खोलीत बैठक बसली. काकू दारात उभ्या होत्या. "मास्तर, पोरीचा मला तरास न्हाई, हुशार पोरगी हाय. तरास हाय तो ह्या खेळन्यांचा. रातंदिस त्यांच्याफुडं बसतेत दोघी. कुनाच्या लेकराचं काही झालं तर जिम्मा कुनाचा? मोटारी घेऊन जावा, पोरगी राहू द्या. न्हाईतर खोली खाली करा." वडिलांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत मला कळलं की हा सौदा त्यांना पटला आहे. दाजी मात्र मोटारींकडं बघतसुद्धा नव्हते. ते भिंतीला टेकून बसले होते, वर्षभरात अंगानं अर्धे झालेले. ते म्हणाले, "पाव्हणं, कशाला लांबवायचं? मी घिऊन जातो तिला. निलंग्याची मान्सं आजून थांबलीत. डोस्कं फिरलं म्हनून बोभाटा झाला तर तेबी जातील."

मी डबा काढला आणि त्यात कापूस पसरायला लागले. मला मोटारींचं काही वाटत नव्हतं, त्या नांदेडच्या कपाटात सुखानं राहिल्या असत्या. मला भीती होती ती त्यांच्यावाचून येणाऱ्या पहिल्या दिवसाची, कारण त्या गेल्या की ज्योती झोपणार नव्हती आणि चार दिवसांत कुणी न सांगता निलंग्याला जाणार होती. मी पहिली मोटार उचलायला गेले तर ज्योतीनं काचेवर हात ठेवला. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती दाजींकडं बघत होती.

"अण्णा, भांडी वाजत हुती," ती म्हणाली.

दाजींनी मान वर केली. "कवाची गोष्ट करलालीस?"

"त्याच दिवशी. सांजच्याला. आई भाकरी थापलालती. उतरंडीतली लोटकी वाजली. आई म्हनली, आज भाईर झोपू या. तुमी म्हनलाव, वरीस झालं वाजायलीत, रोजचंच हाय. मग तुमी मिरवनुकीला गेलाव."

ती रडत नव्हती. चाचणीचं उत्तर सांगावं तसं क्रमानं सांगत होती.

"आई म्हनली बरं. तिनं आतच हातरूण टाकलं. मी तिला म्हनले, मी बगत बसते. ती म्हनली, झोप, सकाळी शाळा हाय. मी झोपले. कुनीतरी बसाय पायजे हुतं, अण्णा. एक मानूस जागं असतं तर भागलं असतं."

दाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली. ते म्हणाले, "म्या म्हनलो हुतो. रोजचंच हाय म्हनलो." मग पुन्हा, अगदी हळू, "मला रोज ऐकू येतंय ते." आम्हाला सगळ्यांना वर्षभर वाटत होतं की ज्योती छताला भिते. मलासुद्धा, जी तिच्याबरोबर पाळ्या करत होती तिला. छताचं तिला काही नव्हतं. वाजलेलं कुणी ऐकलं नाही, याचं तिला होतं. माझे वडील खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले, त्यांची ती बहीण होती. काकू दारातून निघून गेल्या आणि थोड्या वेळानं चहा पाठवला. तो कुणी प्यायला नाही.

दाजींनी टोपी मांडीवर ठेवली आणि मला विचारलं, "ही झोपली कवा?"

"बोअर सुरू झाल्यापासून नाहीच," मी म्हटलं.

ते उठले, काचेसमोर येऊन मांडी घालून बसले. त्या पळापळीत पाय लागून आरसा मोडलेली एक मोटार त्यांनी हातात घेतली आणि त्यांना कुणी शिकवलेलं नसताना ती दोन्ही कुशींनीच धरली, नीट रांगेत ठेवली. मग ज्योतीला म्हणाले, "झोप जा. म्या बसतो."

ज्योती जागची हलली नाही. "तुमी बसताव?"

"बसतो की. काय करायचं आसतंय ते सांग, वर्षा."

मी सांगितलं. नजर काढायची नाही. हलली की तिला हाक मारायची, आधी तिला, मग बाकीच्यांना.

"आनि न्हाई हलली तर?"

"तर झोपू द्यायचं."

ज्योती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. थोड्या वेळानं तिचा श्वास लांब झाला. वडील खाली काकूंशी बोलायला गेले, मी दारात बसून राहिले. आणि तेवढ्यात शेजारच्या बोअरवाल्यांचं जेवण संपलं. इंजिन लागलं, छिन्नी खाली गेली, फरशी थरथरली आणि काचेवरच्या मोटारी पुढं सरायला लागल्या. मी म्हटलं, "दाजी, बोअर आहे."

"ठाव हाय," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी ती काच जमिनीवरून उचलली आणि छातीपुढं हवेत धरली. मोटारी जिथल्या तिथं थांबल्या. मी पुढं होऊन एक बाजू धरायला गेले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. छिन्नी पडत होती, खिडकीची दारं वाजत होती, पाण्याच्या तांब्यात वलयं उठत होती, आणि तो माणूस काच आडवी धरून बसला होता, दंड थरथरायला लागले तरी. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. बोअर बंद होईपर्यंत त्यांनी काच खाली ठेवली नाही.

उन्हं उतरली तेव्हा ज्योतीला जाग आली. गालावर चटईचे वळ उठले होते. तिनं आधी मोटारींकडं बघितलं, मग बापाकडं.

"हलली का?"

"न्हाई," दाजी म्हणाले. "ऊठ आता, क्लासची येळ झाली."